हवा भरूनही पुन्हा लागणारा टायरप्रेशरचा दिवा : दोष शोधण्याचा क्रम

टायरमधील हवेचा दाब कमी झाल्याचे सांगणारा पिवळा दिवा एकदा लागला, हवा भरल्यावर विझला आणि पुढे कित्येक महिने दिसला नाही, तर त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. खरा त्रास होतो तो आठ-पंधरा दिवसांनी नेमाने परत येणाऱ्या दिव्याचा. हवा भरावी, दिवा विझावा आणि विसर पडतो न पडतो तोच तो पुन्हा लागावा, असे चक्र महिनोन्महिने चालू असलेल्या गाड्या मी बऱ्याच हाताळल्या आहेत. काहींचा दोष साबणाच्या पाण्याच्या एका थेंबात सापडला, तर काहींसाठी टायर रिमवरून उतरवावा लागला. या खटाटोपातून एक गोष्ट मात्र पक्की झाली : प्रत्येक वेळी नुसती हवा भरून दिवा विझवणारा माणूस दोषाचा सर्वांत चांगला पुरावा स्वतःच्याच हाताने पुसून टाकत असतो. दिवा किती दिवसांनी परत आला, कोणत्या चाकातली हवा किती उतरली होती आणि त्याच वेळी बाकीच्या तीन चाकांत किती होती, एवढे हवा भरण्यापूर्वी टिपून ठेवले तर अर्धे निदान तिथेच होते.

लक्षणे

दिवा कसा लागतो हे आधी पाहावे. बहुतेक गाड्यांत हे चिन्ह टायरच्या आडव्या छेदासारखे असते. खाली दातेरी रेघ असलेली घोड्याची नाल आणि तिच्या मधोमध उद्गारचिन्ह, असे ते दिसते. गाडी सुरू करताना हा दिवा क्षणभर लागून विझतो, ती केवळ दिवा शाबूत असल्याची चाचणी होय. त्यानंतर तो लागून स्थिर राहिला, तर किमान एका चाकात हवा कमी आहे असे यंत्रणेचे म्हणणे असते. याउलट तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे आणि एखाद्या चाकाची खबर तिला मिळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. पुष्कळ लोक दिव्याकडे पाहतात ते रस्त्याला लागल्यावर. तोपर्यंत लुकलुकणे थांबलेले असते आणि यंत्रणेच्या बिघाडासाठी ते उगाचच हवा भरत राहतात. म्हणून दोन-तीन दिवस गाडी सुरू केल्यानंतरची पहिली दोन मिनिटे दिव्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे.

त्यानंतर दिव्याची वेळ पाहावी. पहाटे किंवा सकाळी लागणारा आणि काही किलोमीटर चालल्यावर आपोआप विझणारा दिवा बहुधा तापमानाशी निगडित असतो. ठरावीक दिवसांच्या अंतराने आणि नेहमी एकाच चाकासाठी लागणारा दिवा म्हणजे त्या चाकातून हळूहळू हवा जात असते. टायर बदलल्यावर, पंक्चर काढल्यावर किंवा चाकांची अदलाबदल केल्यावर लगेच सुरू झालेला त्रास असेल, तर त्या कामातच काही राहून गेले का, असा संशय आधी घ्यावा. डॅशबोर्ड एका चाकाचे नाव सांगतो आणि गेज (हवेचा दाब मोजणारे मापक) दुसऱ्याच चाकात हवा कमी दाखवतो, असेही होते; त्याचे कारण पुढे येईल.

एका लक्षणापुढे मात्र कोणतीही तपासणी करत बसू नये. गाडी चालत असताना दिवा लागला आणि त्याबरोबर गाडी एका बाजूला ओढू लागली, स्टिअरिंग जड झाले किंवा चाकातून धपधप आवाज येऊ लागला, तर वेग हळूहळू कमी करून सुरक्षित जागी थांबावे. हवा गेलेल्या टायरवर थोडे अंतर जरी गाडी चालवली, तरी टायरची बाजू रिमखाली चिरडली जाते आणि किरकोळ पंक्चरने वाचला असता असा टायर फेकून द्यावा लागतो.

आपल्या गाडीत कोणती यंत्रणा आहे

यंत्रणेचे दोन प्रकार आहेत आणि ते ओळखल्याशिवाय पुढची वाट चुकते. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्या बुडाशी, एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो हवेचा दाब मोजतो आणि रेडिओ लहरींवरून गाडीला कळवतो. यासाठी ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर वापरली जाते. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे ते इतरांपेक्षा थोडे जास्त फेरे घेते आणि हा फरक ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतील (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेतील) सेन्सर टिपतात. डॅशबोर्डवर प्रत्येक चाकापुढे दाबाचा आकडा दिसत असेल तर यंत्रणा पहिल्या प्रकारची आहे. आकडे दिसत नसतील आणि टायरचा दाब नव्याने नोंदवण्याचे बटण किंवा पर्याय असेल, तर बहुधा ती दुसऱ्या प्रकारची असते. खात्रीसाठी गाडीसोबतची पुस्तिका पाहावी.

दिवा लागतो तेव्हा दाब किती उतरलेला असतो, याचीही कल्पना हवी. अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून सर्व नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा बंधनकारक आहे आणि तेथील नियमाप्रमाणे शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट होईपर्यंत इशारा मिळणे आवश्यक आहे. म्हणजे ३२ पीएसआयची (पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचे एकक) शिफारस असलेल्या टायरमध्ये २४ पीएसआय उरेपर्यंत दिवा गप्प बसला, तरी तो नियम मोडत नाही. बऱ्याच गाड्या त्याआधीच इशारा देतात. तरीही दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असे मानणे चूकच आहे.

पहिली तपासणी : थंड टायर, योग्य आकडा, एकच गेज

सर्वांत स्वस्त असलेली ही तपासणी सर्वांत जास्त वेळा चुकीची केली जाते. हवेचा शिफारस केलेला आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तितकी हवा भरायची असते असा समज आढळतो, तो खरा नाही. पट्टीवर पुढच्या व मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात आणि भरलेल्या गाडीसाठी आणखी वेगळे. एककही नीट पाहावे : १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय आणि १ पीएसआय म्हणजे सुमारे ६.९ किलोपास्कल.

हा आकडा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असेल किंवा सुरू केल्यापासून दीड-दोन किलोमीटरच चालली असेल, तरच टायर थंड समजावा. रस्त्यावर काही वेळ धावलेल्या टायरमधील दाब तीन-चार पीएसआयने सहज चढतो. आता पाहा, दिवा लागला म्हणून कोणी दहा-बारा किलोमीटर दूरच्या पंपावर गेला, तिथे तापलेल्या टायरमध्ये बरोबर ३२ पीएसआय भरून आला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टायरमध्ये २८ किंवा २९ च उरतात. हवा कुठेही गळलेली नसते. ती मुळातच कमी भरलेली असते. त्यात रात्रीच्या गारठ्याची भर पडली की दिवा परत लागतो आणि दोष बिचाऱ्या टायरवर येतो. परत येणाऱ्या दिव्यांपैकी कितीतरी दिवे मी केवळ घरच्या पंपाने सकाळी हवा भरून कायमचे घालवले आहेत. याच्या उलट चूकही होते : तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडली जाते. तसे कधीही करू नये.

तापमानाचा हिशेब सोपा आहे. मोटारीच्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. दुपारी ३५ अंशांत ३३ पीएसआय भरले आणि पहाटे पारा १५ अंशांवर आला, तर टायरमध्ये ३० च्या आसपासच दाब राहतो. ऋतू बदलतो त्या आठवड्यात एकाच वेळी अनेकांच्या गाड्यांत हा दिवा लागतो, त्याचे कारण हेच. नायट्रोजन भरल्याने यातून सुटका होते असे सांगितले जाते. पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि गारव्यात दोन्हींचा दाब जवळजवळ सारखाच उतरतो. घाटमाथ्यावरून खाली उतरतानाही असाच फरक पडतो, कारण गेज टायरमधील दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. सुमारे १,५०० मीटर उंचीवर बरोबर केलेली हवा समुद्रसपाटीला सव्वादोन-अडीच पीएसआयने कमी भरते.

गेज स्वतःचे असावे आणि दर वेळी तेच वापरावे. ते एक पीएसआयने चुकत असले तरी बिघडत नाही, कारण ते रोज तितकेच चुकते आणि आपल्याला हवा असतो तो फरक. दोन पंपांवरच्या दोन गेजांचे आकडे जोडून काढलेला निष्कर्ष मात्र निरुपयोगी असतो.

हवा भरल्यावर दिवा तत्क्षणी विझला नाही म्हणून घाबरू नये. चाकातील सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी गाडी उभी असताना क्वचितच संदेश पाठवतात. काही मिनिटे ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाने गाडी चालवली की नवा दाब नोंदला जातो. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेत मात्र चारही चाकांची हवा बरोबर केल्यावर बटण किंवा पर्याय वापरून नवी नोंद करून द्यावीच लागते. ही नोंद विसरली जाते आणि दिवा येतच राहतो. त्याहून घातक प्रकार म्हणजे हवा न भरताच बटण दाबून दिवा घालवणे; असे केल्याने यंत्रणा कमी हवेलाच योग्य हवा समजू लागते आणि पुढचा इशारा धोकादायक उशिराने मिळतो.

काही गाड्यांत स्टेपनीलाही सेन्सर असतो. चारही चाके ठणठणीत आणि दिवा लागलेला, अशा वेळी डिकी उघडून पाहायला फार तर दोन मिनिटे लागतात.

वही : सगळ्यांत उपयोगी हत्यार

इथपर्यंत येऊनही दिवा परत येत असेल, तर पुढे काहीही उघडण्यापूर्वी आठवडाभर नोंद ठेवावी. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, ऊन कोणत्याही चाकावर पडलेले नसताना, चारही चाकांचा दाब एकाच गेजने मोजून तारखेसह लिहावा. रोज मोजण्याची गरज नाही. एक दिवसाआड मोजले तरी चालते, कारण प्रत्येक मोजणीत थोडी हवा सुटते आणि अतिउत्साहाने आपणच गळती निर्माण करतो.

वाचताना एकट्या चाकाच्या आकड्याकडे पाहू नये. त्याच्या जोडीच्या चाकाशी असलेला फरक पाहावा. गारठा पडला तर चारही आकडे एकदमच खाली येतात, त्यामुळे तापमानाचा परिणाम या वजाबाकीत आपोआप निघून जातो. पुढचे डावे चाक सोमवारी ३२ आणि उजवेही ३२, पुढच्या सोमवारी डावे २८ आणि उजवे ३१, तर एक पीएसआय तापमानाने उतरला आणि तीन पीएसआय डाव्या चाकातून गळाले, एवढे स्पष्ट होते.

निरोगी टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय रबरातून झिरपून जातो. चारही चाके या गतीने उतरत असतील तर दुरुस्त करण्यासारखे काही नाही, फक्त महिन्यातून एकदा हवा पाहण्याची सवय लावावी लागेल. एकच चाक आठवड्याला एक-दोन पीएसआय सोडत असेल, तर माझा पहिला संशय व्हॉल्व्हवर आणि दुसरा रिमच्या कडेवर जातो. रोज दोन-तीन पीएसआय जात असतील, तर बहुधा खिळा किंवा स्क्रू रुतलेला असतो. हे अंदाज आहेत, नियम नव्हेत. बारीक खिळाही कधीकधी महिनाभर चिकाटीने थेंबथेंब हवा सोडत राहतो. चारही आकडे आठवडाभर जागचे हलले नाहीत आणि तरीही दिवा लागला, तर हवेचा शोध थांबवून सरळ सेन्सरच्या भागाकडे वळावे.

दुसरी तपासणी : व्हॉल्व्ह

एका वाटीत पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे थेंब टाकावेत. व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर या पाण्याचा थेंब ठेवावा आणि निदान अर्धे मिनिट थांबावे. बुडबुडा फुगू लागला तर आतली पिन गळते आहे. ही पिन कधी सैल झालेली असते, कधी तिच्या रबरी बैठकीवर वाळूचा कण अडकलेला असतो. व्हॉल्व्हची चावी असल्यास ती हलकेच आवळून पुन्हा थेंब ठेवावा. जोर लावू नये, कारण पिन फार थोड्या ताकदीने बसवायची असते आणि अतिरेकाने तिचे रबर कापले जाते. आवळूनही गळत असेल तर पिन बदलावी. पिन काढताच टायरची सगळी हवा निघून जाते, त्यामुळे पंप हाताशी असेल आणि गाडी जॅकवर घेतलेली असेल तरच हे घरी करावे. सेन्सरच्या ॲल्युमिनियम व्हॉल्व्हमध्ये निकेलचा मुलामा दिलेली पिनच वापरावी लागते. साधी पितळी पिन ओलाव्यात ॲल्युमिनियमशी गंजून एकजीव होते आणि पुढे निघता निघत नाही. शोभेच्या धातूच्या टोप्यांचेही तेच होते; अडकलेली टोपी पकडीने फिरवताना व्हॉल्व्हच तुटलेला मी पाहिला आहे. रबरी चकती असलेली साधी प्लॅस्टिकची टोपी पुरेशी असते, पण ती असावीच, कारण धूळ आणि पाणी पिनपर्यंत पोहोचू न देणे हे तिचे काम आहे.

त्यानंतर व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडून तो बोटाने हलकेच डावी-उजवीकडे वाकवावा. रबरी व्हॉल्व्हला पडलेल्या बारीक चिरा सरळ स्थितीत मिटलेल्या राहतात आणि चाक फिरताना उघडतात, म्हणून उभ्या गाडीत ही गळती सापडत नाही. धातूचा व्हॉल्व्ह वाकवू नये. त्याच्या नटाखालचे रबरी वायसर सुकले असेल तर बुडबुडे तसेच दिसतात. तो नट आवळण्याचा मोह टाळावा, कारण ॲल्युमिनियमचा दांडा ऐनवेळी मोडतो आणि दांड्यासह सेन्सरही हातचा जातो. टायर बदलताना रबरी व्हॉल्व्ह नवा घालणे आणि सेन्सरच्या व्हॉल्व्हचे वायसर, नट, पिन व टोपी बदलून घेणे, ही त्यावरची खरी उपाययोजना आहे.

ज्यांनी व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे बाहेरचे सेन्सर लावले आहेत, त्यांनी आधी ते काढून आठवडाभर साध्या टोप्या लावून पाहाव्यात. असा सेन्सर पिन सतत दाबून धरतो; त्यामुळे हवा अडवण्याचे काम त्याच्या स्वतःच्या रबरी कड्यावर येते आणि ते कडे झिजले की सेन्सर ज्या गळतीचा इशारा देतो ती त्यानेच केलेली असते.

तिसरी तपासणी : टायरची नक्षी आणि बाजू

चाकाचा जमिनीवर टेकलेला भाग दिसत नाही, म्हणून खडूने खूण करून गाडी अर्धा फेरा पुढे घ्यावी आणि संपूर्ण घेर पाहावा. खाचेत अडकलेला प्रत्येक खडा खिळा नसतो. संशयास्पद ठिकाणी साबणाचे पाणी टाकून मगच ठरवावे. खिळा सापडला तर तो उपटू नये. तोच बहुतांश भोक बुजवून बसलेला असतो आणि तो काढला की दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत जाण्यापुरती हवाही उरत नाही. जागेवर खूण करून, हवा भरून, सावकाश गाडी न्यावी. पूर्वी दोरी घालून काढलेल्या पंक्चरच्या जागाही याच वेळी तपासाव्यात, कारण बाहेरून घातलेली दोरी कालांतराने सुकते आणि तिच्या कडेने हवा झिरपू लागते. टिकाऊ दुरुस्ती म्हणजे टायर उतरवून आतून लावलेला, भोकात दांडा भरणारा मशरूम पॅच. तोही टायरच्या मधल्या पट्ट्यातील साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकालाच लावावा. टायरच्या बाजूला किंवा खांद्याला भोक, फुगवटा किंवा चीर असेल तर त्या टायरची दुरुस्ती होत नाही.

टायरमध्ये ओतायच्या पातळ सीलंटबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. अडचणीच्या प्रवासात ते एकदा तारते हे मान्य, पण ते सेन्सरच्या दाब मोजणाऱ्या छिद्रात बसू शकते आणि पॅच लावणाऱ्याचे काम अवघड करून ठेवते. ते वापरले असेल तर टायर उघडण्यापूर्वी कारागिराला सांगणे आवश्यक आहे.

चौथी तपासणी : रिम आणि बीड

व्हॉल्व्ह कोरडा, नक्षी निर्दोष, आणि तरीही आठवड्याला एक-दोन पीएसआय जातात, ही स्थिती सर्वांत जास्त दिशाभूल करते. टायरची जी कड रिममध्ये घट्ट बसून हवा अडवते तिला बीड म्हणतात. जुन्या अलॉय रिमवर त्या जागी पांढरट भुकटीसारखा गंज चढतो, लोखंडी रिमवर तांबूस पापुद्रे सुटतात आणि रबराच्या खालून हवेला केसाएवढी वाट मिळते. ही गळती लहरी असते : उन्हाळ्यात रबर नरम पडून ती जवळजवळ थांबते, थंडीत पुन्हा सुरू होते. म्हणून गेल्या हिवाळ्यात त्रास देणारे चाक उन्हाळाभर गप्प राहिले, तर दोष गेला असे न मानता वहीतील जुनी पाने पाहावीत.

बाहेरच्या कडेवर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे घरी पाहता येतात. आतली कड पाहण्यासाठी चाक उतरवावे लागते. ते सपाट व कठीण जमिनीवर, हातब्रेक ओढून, समोरासमोरच्या चाकाला ठोकळा लावूनच करावे, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातपाय घालू नयेत. घरच्या तपासणीची सीमा इथे येते. बीड सोडवणे, रिम तारेच्या ब्रशने घासून गुळगुळीत करणे, बीड सीलर लावणे आणि टायर पुन्हा चढवून बॅलन्सिंग करणे हे यंत्र असलेल्या दुकानाचे काम आहे. टायर सोडवण्याचे हत्यार व्हॉल्व्हच्या जागी घातले तर आतला सेन्सर मोडतो, म्हणून त्याची जागा काम सुरू होण्यापूर्वी सांगावी. चाक टाकीत बुडवून पाहण्याचा आग्रहही धरावा. खड्ड्याने रिमच्या आतील बाजूला पडलेली बारीक तड साबणाच्या थेंबाने हुकते, पाण्याखाली मात्र लपत नाही. तड गेलेली रिम वेल्डिंग करून देणारे भेटतात. माझा सल्ला ती बदलण्याचा आहे, कारण वेगातल्या चाकाचा पुन्हा तोच सांधा उघडला तर थांबण्याइतका वेळ मिळेलच असे नाही.

पाचवी तपासणी : सेन्सर आणि यंत्रणा

हवा उतरत नाही हे वहीने सिद्ध झाले असेल, तरच इथे यावे. प्रथम अलीकडे गाडीत बसवलेले डॅशकॅम, स्वस्त मोबाइल चार्जर, बाहेरून लावलेले एलईडी दिवे आठ दिवस काढून ठेवावेत. त्यांच्यातून निघणारा रेडिओ गोंगाट सेन्सरचा क्षीण संदेश झाकून टाकू शकतो. खर्च शून्य असलेली ही चाचणी बहुतेक जण नवा सेन्सर विकत घेतल्यानंतर करतात.

चाकातील सेन्सरची बॅटरी साधारणतः पाच ते दहा वर्षे टिकते आणि ती आत सीलबंद असल्याने वेगळी बदलता येत नाही. संपत आलेली बॅटरी थंडीत आधी मान टाकते; सकाळी दिवा लुकलुकतो, दुपारी सगळे ठीक, असा लपंडाव काही आठवडे चालतो. कोणता सेन्सर गप्प आहे हे अंदाजाने ठरवू नये. सेन्सरचा संदेश वाचणारे यंत्र प्रत्येक चाकाजवळ धरले की त्या सेन्सरचा ओळखक्रमांक, दाब, तापमान आणि अनेकदा बॅटरीची स्थितीही दिसते. यंत्रातील दाब आणि आपल्या गेजचा दाब एक-दोन पीएसआयपेक्षा जास्त वेगळा असेल, तर सेन्सर जिवंत असूनही चुकीचे सांगतो आहे. गाडी आठ-नऊ वर्षांची असेल आणि टायरही बदलायला आले असतील, तर चारही सेन्सर एकदम बदलणे मला शहाणपणाचे वाटते. एरवी ज्याचा दोष दिसला तेवढाच बदलावा. नव्या सेन्सरचा ओळखक्रमांक गाडीला शिकवावा लागतो. चाकांची अदलाबदल झाल्यावर काही गाड्यांना नव्या जागाही शिकवाव्या लागतात, आणि तसे न केल्यासच डॅशबोर्ड पुढच्या चाकाचे नाव घेतो तेव्हा हवा मागच्यात कमी असते.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेत एका धुरीवर नवा आणि जुना टायर एकत्र असणे, वेगळ्या मापाचा टायर किंवा लहान स्टेपनी लावणे, एवढ्यानेही खोटा इशारा मिळतो. टायरच्या दिव्यासोबत एबीएसचाही दिवा लागला असेल, तर तो ब्रेकशी संबंधित दोष आहे. त्यात स्वतः हात घालू नये आणि त्याची तपासणी लांबवूही नये.

कारागिराकडे केव्हा जावे

रोज तीन पीएसआयहून अधिक हवा जात असेल, टायरच्या बाजूला फुगवटा किंवा चीर असेल, खड्ड्याच्या दणक्यानंतर दिवा लागून स्टिअरिंग थरथरू लागले असेल, दिवा लुकलुकत असेल किंवा व्हॉल्व्हची तपासणी होऊनही गळतीची जागा सापडली नसेल, तर घरचा प्रयोग तिथेच थांबवावा. जाताना वही सोबत न्यावी. ‘दिवा सारखा लागतो’ असे सांगितले की बहुधा चारही चाकांत हवा भरून गाडी परत दिली जाते. ‘मागच्या उजव्या चाकातून आठवड्याला दोन पीएसआय जातात, व्हॉल्व्हला बुडबुडे नाहीत, नक्षीत खिळा नाही’ असे सांगितले की चाक टाकीत बुडवले जाते. मी एकदा एका दुकानातून एकच चाक तीन वेळा निर्दोष म्हणून परत आणले होते. चौथ्या वेळी आकडे दाखवले तेव्हा टायर उतरवला गेला आणि आतल्या कडेवर हाताच्या पंजाएवढा गंज निघाला.

दुरुस्तीनंतर नोंद लगेच बंद करू नये. पूर्वी दिवा दर दहा दिवसांनी येत असेल, तर निदान वीस दिवस त्याच गेजने, तशाच थंड सकाळी मोजावे आणि दुरुस्त केलेले चाक जोडीच्या चाकाबरोबर राहते का ते पाहावे. फरक पुन्हा वाढू लागला, तर टायर बसवणाऱ्याकडे दिवा लागण्याची वाट न पाहता परत जावे आणि या वेळी बीडच्या दोन्ही कडा व व्हॉल्व्हचे बूड पाण्याखाली आपल्यासमोर तपासून घ्यावे.